पिछाडीची फौज

१६७० च्या ऑक्टोबरमध्ये शिवाजी महाराज सुरतेची दुसरी लूट घेऊन बागलाणातून परतत होते. लूट लादलेली घोडी, ती हाकणारी माणसं आणि पुढेमागे स्वारांच्या तुकड्या असा लांबलचक काफिला चांदवडच्या डोंगररांगेतून नाशिकच्या बाजूला उतरायचा होता. दाऊदखान कुरेशी मोगल फौज घेऊन आडवा आला. १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीजवळ गाठ पडली. मराठ्यांना त्या दिवशी मैदान मारायचं नव्हतं, लादलेली जनावरं सुखरूप काढायची होती. महाराजांनी फौजेचे भाग पाडले आणि काहींना पिछाडी धरायला लावलं. मोगलांच्या आघाडीचा इखलासखान मागची कुमक यायच्या आतच तुटून पडला आणि जखमी झाला. झुंज चालू राहिली, आणि तेवढ्या वेळात लूट पुढे निघून गेली.

या लढाईची चित्रं काढायला सांगितली तर बहुतेक जण उगारलेल्या तलवारी आणि उधळलेले घोडे काढतील. गोणीचा बंद सैल झाला म्हणून भर धावपळीत थांबून तो आवळणारा माणूस कुणाच्या चित्रात येत नाही. खरं तर त्या दिवसाचं यश त्याच्या हातात होतं. टेबलावर छोट्या सैन्यांनी लढाया खेळणाऱ्या जगभरच्या हौशी माणसांचीही सवय तीच आहे. काल्पनिक जगातली सैन्यं मांडताना तर ती फारच दिसते. ड्रॅगन असतो, राक्षस असतो, चिलखती स्वारांची रांग असते. या सगळ्यांना संध्याकाळी जेवायला कोण घालणार, याचा पत्ता नसतो.

हा छंद ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शिसं किंवा प्लॅस्टिकच्या, बोटाच्या पेराएवढ्या माणसांच्या फौजा रंगवायच्या, टेबलावर डोंगर-नदी मांडायची आणि मोजपट्टी-फासे घेऊन नियमांनुसार लढायचं. एच. जी. वेल्स या विज्ञानकथाकारानं १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे अशा खेळाचं पुस्तक लिहिलं. १९८३ साली इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉप कंपनीनं ‘वॉरहॅमर’ आणला आणि ऐतिहासिक सैन्यांच्या जोडीला बुटके, भुतं, राक्षस रुळले. आज या छोट्या माणसांचं, म्हणजे मिनिएचरचं, सर्वांत रुळलेलं माप २८ मिलिमीटरचं आहे.

मराठी माणसाला यातलं काहीच परकं वाटायला नको. दिवाळीत अंगणात माती-दगडांचा किल्ला रचून त्यावर जी ‘चित्रं’ मांडली जातात, तो याच कुळातला खेळ आहे. त्यात एक गोष्ट या खेळाच्या इंग्रजी परंपरेपेक्षा पुढची आहे. पुण्याच्या बाजारात किल्ल्याची चित्रं घ्यायला गेलं की सिंहासनावरचे महाराज, मावळे आणि तोफा मिळतात. त्यांच्या शेजारीच गवळण, भाजीवाली, वासुदेव आणि शेतकरीही मिळतात. मुलं ती सगळी घेतात आणि किल्ल्याच्या पायथ्याशी गाव वसवतात. किल्ला लढवायचा तर खाली दूध विकणारी बाई हवी, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. पुढे मोठेपणी वॉरहॅमर हाती आलं की हीच मुलं ती बाई विसरतात, याचं वाईट वाटतं.

सैन्याच्या अशा न लढणाऱ्या पिछाडीला मराठी बखरींत आणि पत्रांत बुणगे म्हणतात. बाजारबुणगे हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो, पण मुळात ती लढवय्यांच्या मागून चालणारी माणसं: वाणी, सराफ, लोहार, नालबंद, शिकलगार, चांभार, पखालजी, मशालजी, फरास, मोतद्दार, बेलदार, वैद्य, शाहीर. कुणाला काल्पनिक सैन्याचा लवाजमा बनवायचा असेल तर या यादीइतकी श्रीमंत खाण दुसरीकडे क्वचित सापडेल. युरोपातले कारागीर तीस वर्षांच्या युद्धातली, म्हणजे १६१८ ते १६४८ मधली, छावणी डोळ्यांपुढे ठेवतात. आपल्याकडे त्याहून जवळची आणि तपशिलांनी भरलेली छावणी उपलब्ध आहे.

१८०९ साली टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर राजस्थानात फिरत होता. त्यानं भावाला लिहिलेली पत्रं १८१३ साली पुस्तकरूपानं छापली गेली. त्यात इंग्रजी तोरा पुष्कळ आहे. पण छावणी कशी पडते, हे त्यानं बारकाईनं टिपलं. बिनीवाला आधी पुढे जायचा आणि शिंद्यांचे डेरे जिथे पडायचे तिथे एक छोटं पांढरं निशाण रोवायचा. मग निरनिराळ्या बाजारांची निशाणं ठरल्या क्रमानं लागायची. तळ कुठेही पडला तरी कोणता बाजार कुणाच्या शेजारी, हे बदलत नसे. म्हणजे रात्री उशिरा पोचलेला, वाट चुकलेला शिपाईही निशाण पाहून आपला वाणी शोधू शकत होता.

मिनिएचर मांडणाऱ्याला यातून मोठा धडा मिळतो. छावणी म्हणजे इकडेतिकडे टाकलेले चार तंबू असं समजून काम केलं की ती खोटी दिसते. मध्ये निशाण, त्याच्याभोवती डेरे, कनातीची भिंत, मग बाजाराची सरळ गल्ली, कडेला जनावरांच्या दावणी अशी रचना केली की पाहणाऱ्याला न सांगता कळतं, हे लोक रोज हेच करत आले आहेत. बिनीवाल्याचं चित्र तर प्रत्येक सैन्यात हवं. घोड्यावरून उतरलेला, एका हातात निशाणाची काठी, दुसऱ्या हातानं जमीन दाखवणारा.

ही छावणी पाहायला जुनी पत्रंच वाचायला हवीत असं नाही. आषाढीला ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर चालावं. या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी, आणि ते शिंद्यांच्या चाकरीत होते. ब्रॉटननं ज्या घराण्याची छावणी पाहिली, त्याच घराण्याच्या फौजेत वावरलेल्या माणसानं वारीची घडी बसवली. दिंड्यांचे क्रम ठरलेले, कोण रथाच्या पुढे आणि कोण मागे हे ठरलेलं, मुक्कामाच्या जागेला नावही तळ हेच. चोपदारानं चोप उंचावला की हजारो माणसं गप्प होतात. दिंडीच्या मागून येणारे पाण्याचे टँकर, भांड्यांनी भरलेले ट्रक, पुढे जाऊन चूल पेटवणारी मंडळी, रस्त्याच्या कडेला चपला शिवणारा, दाढी करणारा, पाय चेपून देणारा, हे सगळं वही घेऊन टिपलं तर पुढच्या वर्षभराचं काम मिळेल. जड ओझं कोण कोणत्या खांद्यावर घेतो आणि दमल्यावर कसा उभा राहतो, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा तिथे चांगलं दिसतं.

आता थोडा हिशेब, कारण पिछाडी किती मोठी असावी हे हिशेबावरूनच कळतं. लढाऊ घोड्याला दिवसाला चार-पाच किलो तरी दाणा लागतो, वैरण वेगळी. दहा हजार घोड्यांना चाळीस-पन्नास टन. लादणीचा बैल शंभरेक किलो वाहतो असं धरलं तर एका दिवसाच्या दाण्यासाठी चार-पाचशे बैल झाले, आठवड्यासाठी तीन हजारांच्या वर. माणसांचं धान्य, दारूगोळा, डेरे यांचा अजून यात समावेश नाही. ही वाहतूक बहुतांशी वंजारी-लमाणांचे तांडे करत. हजारोंनी बैल बाळगणारे हे लोक मराठ्यांना धान्य पुरवत, मोगलांना पुरवत आणि १८०३ साली आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेलाही त्यांच्यावाचून चाललं नाही. दहा हजार बैल एकामागून एक चालले आणि प्रत्येकाला तीन मीटर जागा लागली तर रांग तीस किलोमीटरची होते. पहिला बैल मुक्कामाला पोचतो तेव्हा शेवटचा अजून निघालेलाही नसतो.

टेबलावर अर्थातच तेवढे बैल मांडायचे नसतात. पाच-सहा पुरतात. पण ते पाच-सहा एकाच साच्यातून निघाल्यासारखे दिसता कामा नयेत. एकाची गोणी एका बाजूला कललेली, एकाच्या शिंगांना कवड्यांची माळ, एक मान खाली घालून कडेचं गवत खाणारा. तांड्याचा म्होरक्या बैल सजवलेला असतो, बाकीचे नसतात.

शिवाजी महाराजांनी ही पिछाडी जाणूनबुजून बारीक ठेवली होती. सभासद बखर १६९४ साली लिहिली गेली. लष्करात बायका, कलावंतिणी नेऊ नयेत असा त्यांचा कडक दंडक होता, असं ती सांगते. त्यांचं १६७३ चं चिपळूणकडच्या लष्कराला गेलेलं पत्र तर प्रत्येक छावणी बांधणाऱ्यानं वाचावं. रयतेच्या भाजीपाल्याला हात लावू नका, दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून खा, आणि रात्री दिवे जळते ठेवू नका, कारण उंदीर पेटती वात ओढून नेतील, गवताच्या गंजीला आग लागेल, घोडी मरतील, अशा आशयाचा मजकूर त्यात आहे. सैन्याच्या मुक्कामाची इतकी जिवंत कल्पना असलेला राजा दुर्मीळच. २८ मिलिमीटरच्या छावणीत गवताची गंज, तिच्यापासून लांब ठेवलेला दिवा आणि एक तांदळाच्या दाण्याएवढा उंदीर ठेवला, तर जाणत्याला लगेच ओळख पटेल.

याच्या उलट टोकाला औरंगजेबाची छावणी. १६९५ साली इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी यानं ती कृष्णाकाठच्या गलगले इथे पाहिली आणि तिचा घेर तीस मैलांचा असल्याचं लिहून ठेवलं. चालतं शहरच ते. एखादं जुनं, थकलेलं, वैभवाचं ओझं झालेलं काल्पनिक साम्राज्य मांडायचं असेल तर नमुना इथून घ्यावा. लढणाऱ्या एका माणसामागे पाच नोकर, तीन पालख्या, एक पक्ष्यांचा पिंजरा.

कल्पनेचं जग म्हणजे परदेशीच, असं मानायचं कारण नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात पांडवांची फौज कुरुक्षेत्राकडे निघते तेव्हा तिच्याबरोबर गाडे, बाजार, खजिना, यंत्रं आणि वैद्य असल्याचा उल्लेख आहे. आणि युद्धाचा सर्वांत भयंकर प्रसंग, अश्वत्थाम्याचा रात्रीचा हल्ला, रणांगणावर घडतच नाही, तो झोपलेल्या शिबिरावर होतो. अठरा दिवस टिकलेले वीर तंबूत मारले जातात. शिबिर नसलेल्या सैन्याला ही गोष्ट सांगताच येणार नाही.

कोकणातल्या लोकांनी तर वेताळाला लवाजम्यासकट पाहिलं आहे. अमावास्येच्या रात्री त्याची पालखी निघते, पुढे मशाली असतात, भुतंच भोई असतात, असं जुनी माणसं सांगतात. परदेशी नियमपुस्तकातल्या सांगाड्यांच्या सैन्यापेक्षा ही कल्पना कितीतरी सकस आहे, कारण तिच्यात पालखी कुणाच्या खांद्यावर आहे हे आधीच ठरलेलं आहे. बाकीची कामंही वाटून देता येतात. पाण्यातला गिऱ्हा हा वेताळाचा पखालजी. वाटसरूला भुलवणारा चकवा पुढे जाऊन शत्रूच्या रसदेला चुकीच्या वाटेला लावणारा. सोडमुंज न होता मेलेला मुंजा पिंपळाखालच्या तळाचा राखणदार. खवीस ओझी वाहणार. भुतांना अन्न कसलं, हा प्रश्न इथे खरा मजेचा होतो आणि त्याचं उत्तर आपल्या घराघरांत आहे. दहीभात, लिंबू, नारळ, कोंबडं असा उतारा तिठ्यावर ठेवण्याची रीत जिवंत आहे. वेताळाच्या सैन्याची रसद म्हणजे गावोगावच्या तिठ्यांवरून गोळा केलेले उतारे. चार खवीस सुपं-पाट्या घेऊन, एक हडळ हिशेब ठेवणारी. असं दृश्य टेबलावर आलं की त्या सैन्याची गोष्ट कुणाला वेगळी सांगावी लागत नाही.

नगर हवेलीतल्या सिल्वासात राहणाऱ्या हौशी माणसाला तर या कामासाठी फार लांब जावं लागत नाही. दमणगंगेच्या काठचं हे गाव घाट आणि समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. दक्षिणेला जव्हार, उत्तरेला जुनं रामनगर म्हणजे आजचं धरमपूर. १६६४ च्या पहिल्या सुरत स्वारीच्या वेळी महाराज जव्हारजवळच्या शिरपामाळावर थांबले होते आणि तिथे जव्हारच्या राजानं त्यांचं स्वागत केलं, असं परंपरा सांगते. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार आणि रामनगर घेतलं. फौजा, लादणीची जनावरं, तोफा ओढणारे बैल या वाटांनी गेले आहेत. पुढे मराठ्यांच्या आरमारानं पोर्तुगीज जहाज पकडलं त्याच्या भरपाईपोटी नगर हवेलीची गावं १७८३ साली पोर्तुगिजांकडे गेली.

ती परत आली १९५४ साली, आणि त्या छोट्या फौजेची पिछाडी विलक्षण होती. आझाद गोमंतक दलाच्या कार्यकर्त्यांनी इतर तुकड्यांच्या साथीनं २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त केलं. शस्त्रांना पैसा हवा होता. तो उभा करण्यासाठी सुधीर फडके यांनी पुण्याच्या हिराबागेत लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम घडवून आणला. फडके स्वतः आणि बाबासाहेब पुरंदरे पुढे त्या मोहिमेत सामील झाले. जुन्या फौजेबरोबर शाहीर चालत. इथे गायकांनी रसदच उभी केली. काल्पनिक सैन्याच्या मागे एक गाणारी बाई आणि तिच्यासमोर नाण्यांनी भरत चाललेलं ताट ठेवायला यापेक्षा चांगला आधार कुठला?

या भागातले वारली, कोकणा, धोडिया, काथोडी हे लोक बांबू आणि मातीच्या कामात तरबेज आहेत. सिल्वासाच्या आदिवासी संग्रहालयात त्यांची वाद्यं, मुखवटे, मासेमारीची साधनं मांडलेली आहेत. एक संपूर्ण काल्पनिक जमात तिथल्या वस्तूंवरून उभी राहू शकते. कणगी, म्हणजे धान्य साठवायची बांबूची मोठी टोपली, गाड्यावर चढवली की ती धान्याची कोठी होते. कुडाच्या भिंतीची झोपडी पहारेकऱ्याला. दीड-दोन हात लांब तारपा तोंडाला लावलेला वादक निशाणाशेजारी. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात नाचणारे रावण, वेताळ, म्हसोबा यांचे कागदाच्या लगद्याचे मुखवटे तर काल्पनिक सैन्याचे चेहरेच आहेत. अर्थात ते देवतांचे मुखवटे आहेत. कुणाची तरी त्यांवर श्रद्धा आहे, हे विसरून त्यांची राक्षसी सोंगं करू नयेत. आकार आणि रंग पाहावेत, नावं आपली ठेवावीत.

गर्दी कशी मांडावी, हे शिकायला जिव्या सोमा मशे यांची चित्रं पाहावीत. डहाणू तालुक्यातल्या या वारली चित्रकाराला २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रात शेकडो माणसं असतात आणि एकही रिकामी उभी नसते. कुणी लाकूड फोडतो, कुणी जाळं टाकतो, कुणी डोक्यावर भारा घेऊन चालली आहे. दोन त्रिकोणांच्या माणसाला फक्त कमरेच्या झुकावानं काम देता येतं. मिनिएचर विकत आणून त्याचे हात कापून वेगळ्या कोनात चिकटवणाऱ्यानं हेच करायचं असतं.

प्रत्यक्ष बांधणीला फार खर्च नाही. २८ मिलिमीटरचं माप म्हणजे साधारण साठास एक. त्यानुसार बैल खांद्याशी २२ मिलिमीटर, हत्ती ४५ च्या आसपास, माणूस वाकून आत शिरेल अशी राहुटी ४० उंच. बैलगाडीचं चाक रुपयाच्या नाण्याएवढं येतं. दोन भागांचं एम-सील मळून गोण्या, पखाली, गाठोडी करता येतात; ते कडक होण्याआधी त्यावर जुन्या टीशर्टचा तुकडा दाबला की गोणपाटाची वीण उमटते. धोतराचा तुकडा पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून उदबत्तीच्या काड्यांवर टाकला की राहुटी. नारळाच्या काथ्याची बारीक कातरण ही वैरण, वाळवलेली चहापत्ती ही माती, मोहरी म्हणजे कांदे, राजगिरा म्हणजे पाटीतलं धान्य. फुटलेल्या माळेचे मणी घागरी होतात. वापी-सिल्वासा पट्टा प्लॅस्टिकच्या कारखान्यांनी भरलेला आहे. पॅकिंगच्या पत्र्यांचे तुकडे, नळ्या, झाकणं भंगारवाल्याकडे मिळतात आणि त्यांची पिंपं, चाकं, पेट्या होतात.

रंगवताना शिपायांचा चकचकीतपणा इथे आणू नये. पिछाडीचे कपडे मळखाऊ रंगांचे हवेत. गुडघ्यापर्यंत धूळ हवी, कारण आघाडीनं उडवलेली सगळी धूळ यांच्याच अंगावर बसते. एखाद्याच्या अंगावर सरदाराचा जुना, विटलेला, मापाला न बसणारा अंगरखा चढवावा. ठळक रंग फक्त बाजाराच्या निशाणांना.

नुसतं सजवून कोपऱ्यात ठेवलं तर पिछाडी शोभेची राहते. खेळात तिला किंमत असली पाहिजे. १९९० साली आलेल्या ‘डी बेलिस अँटिक्विटॅटिस’ या छोट्या नियमावलीनं हे ओळखलं. प्रत्येक बाजूला केवळ बारा तुकड्या, पण छावणीही मांडायची, तिच्या राखणीला बुणग्यांचीच तुकडी ठेवता येते आणि छावणी गेली तर ते नुकसान पराभवाच्या हिशेबात धरलं जातं. वॉरहॅमरच्या भाडोत्री सैन्यात एक खजिनदार असायचा. तो पडला की पगाराच्या भीतीनं तुकड्या डळमळत. इतिहासात याहून पुढची उदाहरणं आहेत. इसवीसनपूर्व ३१६ च्या सुमारास इराणात गाबिएनेच्या लढाईत युमेनीसचं पायदळ जिंकत होतं, पण अँटिगोनसच्या स्वारांनी धुळीचा फायदा घेऊन त्याची छावणी पळवली. त्यात सैनिकांच्या बायका, मुलं आणि आयुष्यभराची कमाई होती. ती परत मिळावी म्हणून त्या जुन्या सैनिकांनी आपला सेनापतीच शत्रूच्या हवाली केला.

आणि आपल्याकडे पानिपत. भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर बायका होत्या, काशी-प्रयागच्या आशेनं निघालेले यात्रेकरू होते, बाजार होता. कुटुंबं आणि जड सामान मागे सुरक्षित ठेवावं, असा सल्ला सुरजमल जाटानं दिल्याचं सांगतात. तो मानला गेला नाही. नोव्हेंबर १७६० पासून तळ अडकला, आणि वैरण-लाकूड आणायला बाहेर पडणारे बुणगे रात्री कापले जाऊ लागले. काशीराज पंडितानं एका रात्रीत असे वीस हजार मारले गेल्याचं लिहिलं आहे. आकडा फुगलेला असेल, पण लाकडाच्या मोळीसाठी माणसं मरत होती हे खरं. १४ जानेवारीला सैन्य बाहेर पडलं ते गोल बांधून, म्हणजे न लढणाऱ्यांना मधे घेऊन. चालताना तो गोल टिकवणं किती अवघड, हे टेबलावर एकदा करून पाहिलं की भाऊसाहेबांबद्दलची सोपी मतं गळून पडतात.

पानिपताचा खेळ मांडणारे बहुतेक जण गारद्यांच्या तोफांपाशी सुरू होतात आणि विश्वासरावांपाशी थांबतात. मांडायला हवा तो पुढचा भाग. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई सुखरूप निघाल्या. दक्षिणेकडे पळालेल्या अनेकांना सुरजमल आणि राणी किशोरी यांनी आसरा, अन्न, कपडे दिले. सहा फूट लांबीचं टेबल घ्यावं, उत्तर कडेला विस्कटलेला तळ, दक्षिण कडेला जाटांचं ठाणं आणि तिथे पेटलेल्या चुलींची एक रांग. एका खेळाडूकडे पंचवीस-तीस बुणगे, दोन डोल्या, चार तट्टं आणि मोजके स्वार. दुसऱ्याकडे पाठलाग करणारे अफगाण, ज्यांनी टाकलेल्या प्रत्येक गाठोड्यापाशी फासा टाकून थांबायचं की नाही हे ठरवायचं. गाठोडं टाकलं की माणसाचा वेग वाढतो, पण थंडीत पुढची रात्र काढणं कठीण होतं, म्हणून पांघरूण शेवटी टाकावं. मारलेल्या शत्रूला गुण नाहीत. ठाण्यापर्यंत पोचलेल्या प्रत्येक माणसाला एक गुण, आणि जो कुणी दुसऱ्याला उचलून आणेल त्याला तीन.